दोन्ही ऑनलाइन

नवीन चष्म्यामुळं ते झालं. एरवी मालतीच्या नजरेनं तो शब्द आणखी किती दिवस ओलांडला असता, सांगता येत नाही. सोमवारी संध्याकाळी तिनं चष्मा आणला, वर लांबचं आणि खाली जवळचं असा, आणि मंगळवारी सकाळी मशीनसमोर बसली तेव्हा पडद्यावरच्या ओळी पायऱ्यांसारख्या वरखाली होऊ लागल्या. हनुवटी उचलून धरली की अक्षरं जागेवर येत. म्हणून ती हनुवटी वर करून, पहिलीतल्या पोरीसारखी एकेक शब्द सुटा वाचत गेली. रोजचीच दोन वाक्यं होती. ट्रस्टच्या हॉस्पिटलात, पहिल्या मजल्यावर, एक्स-रेच्या मागच्या थंड खोलीत दोन मशीनं होती. नावं तिनंच ठेवलेली, तापी आणि मोहना. तापी काम करायची, मोहना क्षणाक्षणाला तिची नक्कल ठेवायची, आणि तापी पडलीच तर अर्ध्या मिनिटात तिची जागा घ्यायची. रोज सकाळी सव्वादहाला मालती काळ्या पडद्यावर दोन कमांड टाइप करायची. पहिलीचं उत्तर यायचं, दोन्ही ऑनलाइन. दुसरीचं उत्तर लांबलचक असायचं आणि त्याच्या शेवटी दोन शब्द असायचे, एक या मशीनचा, एक त्या मशीनचा, मध्ये तिरकी रेघ: अपटुडेट / अपटुडेट. आज पहिला शब्द अपटुडेट होता. रेघेपलीकडे लिहिलं होतं, अननोन. तिनं चष्मा काढून पुसला, कारण शब्द चष्म्यानं बदलला असेल असं तिला खरोखर क्षणभर वाटलं. परत लावला. तापीला स्वतःची खात्री होती. मोहनाबद्दल तिला काही माहीत नव्हतं.

हात गार होते, पण ते त्या खोलीत नेहमीच गार असतात. ती जानेवारीतही एसी सोळावर ठेवायची आणि स्वेटर घालून बसायची. तिनं नोंदी उघडून मागे मागे जायला सुरुवात केली. काल अननोन. परवा अननोन. मागच्या मंगळवारी अननोन. तीन तारखेला, गुरुवारी, दुपारी एक वाजून चौदा मिनिटांनी त्या दोघींमधला दुवा तुटला होता. ती वेळ तिला ओळखीची होती. ते इंटिग्रेशनचे दिवस होते. बुऱ्हाणपूरचं मोठं हॉस्पिटल, खकनारचा दवाखाना आणि देडतलाईचं आठवड्यातून एकदा उघडणारं केंद्र, तिन्ही ठिकाणचे कागद एकाच मशीनवर आणायचे असं ट्रस्टनं ठरवलं होतं, आणि सगळे जण, झाडूवाल्यासकट, त्याला इंटिग्रेशनच म्हणत. तीन तारखेला देडतलाईची लाइन जोडताना तिनं स्वतःच वायरींचा जुना डबा काढून नवा बसवला होता. दीड वाजता जोडणी झाली म्हणून खालून कोणी जिलेबी आणली होती, माव्याची, आणि बोटं चिकट म्हणून तिनं की-बोर्डला हात लावायचं टाळलं होतं, हेही आठवलं. तेव्हापासून एकोणीस दिवस तापी एकटी चालत होती. आणि एकोणीस दिवस, रविवारसुद्धा न चुकवता, मालतीनं सव्वादहाला ऑफिसात मेल पाठवला होता: दोन्ही ऑनलाइन, सर्व ठीक. ते खोटं नव्हतं, हेच विचित्र होतं. दोन्ही ऑनलाइन होत्याच. शेजारीशेजारी, एकाच कपाटात, दोघींचे हिरवे दिवे लुकलुकत होते. आणि दुसऱ्या कमांडच्या शेवटी अपटुडेट हा शब्दही होताच की, एक का होईना. डोळा तिथं जायचा, तो शब्द टिपायचा आणि परत यायचा. डोळ्याला जे न्यायला पाठवलं होतं तेवढंच तो घेऊन येत होता.

तिला एकदम वडिलांचा तक्ता आठवला. आठवायला नको होता असं वाटलं, म्हणजे तो बराच वेळ जवळपासच असणार. दिगंबर, तिचे वडील, विजेच्या सबस्टेशनवर ऑपरेटर होते. गावाबाहेर, कापडाच्या लूमच्या खडखडाटापलीकडे, जाळीच्या कुंपणात ट्रान्सफॉर्मर दिवसभर एकाच सुरात घुमत असायचे आणि वडिलांना दर तासाला उठून सुया कुठं आहेत ते बघून तक्त्यात आकडे भरावे लागत. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती डबा घेऊन जायची. दहा वर्षांची असेल. एकदा ते हात धुवायला गेले असताना तिनं टेबलावरचा तक्ता वाचला. भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा झाले होते आणि तक्त्यात एक, दोन, तीन, चारचे आकडे निळ्या शाईनं सुबक भरलेले होते. तिला भीती वाटली नाही, उलट छाती भरून आली. सुई चार वाजता कुठं असणार हे आपल्या वडिलांना आत्ताच माहीत आहे, असं तिनं त्याचा अर्थ लावला, आणि ही गोष्ट फार मोठी असून बाहेर सांगायची नसते हेही आपोआप ठरवलं. चार-पाच वर्षांनी, विज्ञानाच्या तासाला व्होल्टमीटर समोर ठेवलेला असताना, तिला त्या तक्त्याचा खरा अर्थ कळला. बाईंनी विचारलं, काय झालं, तर ती म्हणाली काही नाही. वडिलांना तिनं कधी विचारलं नाही. ते चौतीस वर्षं नोकरी करून एकही शेरा न घेता रिटायर झाले, हार, शाल, घड्याळ मिळालं. काहीच कधी झालं नाही, याचाच तिला पुढं त्रास होत राहिला. काही झालं असतं तर निदान त्या तक्त्याला नाव देता आलं असतं.

दुरुस्ती सोपी होती. एक कमांड, की मोहना परत तापीशी जोडली जाणार आणि एकोणीस दिवसांचं राहिलेलं तापीकडून वाचून घेणार. सहा-सात तास, फार तर संध्याकाळ. कोणाला विचारायला नको, काही थांबवायला नको. उद्या सव्वादहाला तेच वाक्य, आणि उद्या ते पूर्ण खरं असणार. मालतीनं कमांड टाइप केली. हात सवयीनं चालले होते, मन त्यांच्या मागून येत होतं. एंटरवर बोट ठेवण्याआधी तिनं सवयीनंच तापीच्या डिस्कची नोंद उघडली. काहीही करण्याआधी नोंद बघायची हे ती गेली बारा वर्षं नव्या लोकांना शिकवत आली होती. तिथं चार दिवसांपासून ओळी साचल्या होत्या. वाचता आलं नाही, पुन्हा प्रयत्न केला, वाचलं. वाचता आलं नाही, पुन्हा प्रयत्न केला. शुक्रवारी दोन होत्या, शनिवारी नऊ, काल सदुसष्ट. डिस्क जात होती. आता सहा तास एकसारखं वाचायला लावलं आणि तिसऱ्या तासाला ती बसली तर मोहनाकडं अर्धवट काहीतरी उरेल, ना जुनं ना नवं. मग रात्री निघणारी राखीव प्रत तिला आठवली आणि आठवताक्षणीच कळलं, की तापीवर भार नको म्हणून ती प्रत आपण मोहनावरून काढतो. म्हणजे कपाटात एकोणीस रात्रींच्या एकोणीस प्रती होत्या आणि सगळ्या एकाच दिवसाच्या होत्या. हे कळल्यावर मात्र ती उठून खिडकीशी गेली. खाली नोंदणीच्या रांगेत माणसं होती, बायका डोक्यावरून पदर ओढून उन्हाच्या पट्ट्यात बसल्या होत्या. एकोणीस दिवसांत या जिन्यावरून जे कोणी गेलं, त्यांचं रक्त, लघवी, ताप, औषध, सगळं त्या एका डिस्कवर होतं, आणि ती डिस्क प्रत्येक शब्द दोनदोनदा वाचत होती. एकच सुरक्षित मार्ग होता: तिन्ही ठिकाणचं काम थांबवायचं, तापीवर काही लिहायचं नाही, आणि जे महत्त्वाचं ते आधी, असं हलक्या हातानं एकेक बाहेर काढायचं. थांबवायचं म्हणजे कारण सांगायचं. तिनं टाइप केलेली कमांड एकेक अक्षर करून मागं खोडली.

सुधाकर ट्रस्टचे व्यवस्थापक होते, चाळिशीचे, मनानं बरे, हिंदी आणि मराठी एकाच वाक्यात वापरणारे. सव्वीस जानेवारीला ट्रस्टी येणार होते, इंटिग्रेशनचं उद्घाटन होतं, आणि त्यांच्या टेबलावर निमंत्रणपत्रिकांचे गठ्ठे होते. मालतीनं उभ्याउभ्या सगळं सांगितलं. त्यांनी मध्येच अडवलं नाही. शेवटी त्यांनी विचारलं, हे कुणाकुणाला माहीत आहे. तिला म्हणाले, बसा. मग समजावणीच्या सुरात म्हणाले की चार दिवस डिस्क चालली आहे तर आणखी चार चालेल, सत्तावीसला रविवार आहे, तेव्हा आरामात बंद करू, आज मंगळवारी ओपीडी बंद केली तर बोंब होईल. हे सगळं तिला पटण्यासारखं वाटत होतं. त्यांच्यामागच्या भिंतीवर तिच्याच मेलच्या छापील प्रती फाइलला लावलेल्या होत्या, कुठल्याशा तपासणीसाठी, आणि वरच्या कागदावरचं वाक्य तिला नव्या चष्म्यातून इतक्या लांबून स्वच्छ वाचता येत होतं.

“रविवारपर्यंत टिकेल असं मला लिहून देता येणार नाही,” मालती म्हणाली. “आजवर जे लिहून दिलं ते बघून दिलेलं नव्हतं.”

सुधाकर तिच्याकडं बघत राहिले. त्यांना बहुधा राग यायला हवा होता, पण तो वेळेवर आला नाही. “मॅडम, ये आप मेलमें मत लिखना,” ते हळू म्हणाले. ती म्हणाली, लिहिलंय, पाठवूनच खाली आले. फोन उचलून त्यांनी दोन वाजल्यापासून तिन्ही ठिकाणी कागदावर काम करायला सांगितलं.

दोन ते सव्वापाच ती त्या खोलीत बसून होती. काय आधी काढायचं हा क्रम तिनंच लावला. आधी वॉर्डात दाखल असलेल्यांची औषधं, मग रक्तपेढी, मग बाळंतिणी, मग बुऱ्हाणपूरची ओपीडी, मग खकनार, शेवटी देडतलाई. क्रम बरोबर होता. नंतर कोणीही, चौकशीच्या समितीनंसुद्धा, त्याला चूक म्हटलं नाही. शेवटी कोणाला तरी ठेवावंच लागतं. पण क्रम लावताना तिला काही आठवलं नव्हतं, कोणी डोळ्यांसमोर आलं नव्हतं. लांबचं शेवटी, थोडकं शेवटी, इतक्या सहज ते झालं होतं. टक्के पुढं सरकत होते. साठ, एकसष्ट. तिनं चहा प्यायला नाही, कारण उठलं तर काहीतरी होईल, असली एक गावठी समजूत कुठूनशी येऊन मांडीवर बसली होती. बहात्तरला बराच वेळ थांबलं. पडद्यावरचा आकडा हलत नाही तेव्हा वेळ अंगावर येतो, पाठीच्या कण्यात कळतो. मग पुन्हा चाललं. सव्वापाचला, चौऱ्याण्णववर, तापीच्या पोटातून टिक टिक असा आवाज आला, अगदी साधा, आणि मग डिस्क वाचायची थांबली. पुढं काहीच करण्यासारखं नव्हतं. तिनं मोहनावर निघालेलं सगळं चढवलं, सात वाजता हॉस्पिटल पुन्हा सुरू झालं. काय गेलं ते मोजलं तर शुक्रवार-शनिवारच्या खकनार-देडतलाईच्या बासष्ट रक्तचाचण्या गेल्या होत्या. लॅबचे गिरधर, पन्नाशीचे, मोजकं बोलणारे तंत्रज्ञ, यांनी तपासणीच्या मशीनच्या स्वतःच्या आठवणीतून एकवीस काढून दिल्या. त्या मशीनला शेवटचे थोडेच लक्षात राहतात. उरलेले एक्केचाळीस नमुने फेकलेले होते. नावं तेवढी केंद्राच्या वहीत हातानं लिहिलेली होती.

घरी, राजपुऱ्यात, वडील जेवायचे थांबले होते. ते आता अठ्ठ्याहत्तरचे होते, कानानं ठीक, गुडघ्यांनी कमी. मालतीनं लग्न केलं नव्हतं आणि तो विषय दोघांनी केव्हाच संपवला होता. संध्याकाळी आठला दोघं समोरासमोर जेवत, टीव्ही लावून. त्या दिवशी तिनं टीव्ही बंद केला आणि झालेलं सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते, मशीनला मशीन कसं जोडतात ते त्यांनी दोनदा विचारलं. मग तिनं, भाकरीचा तुकडा हातात तसाच ठेवून, तक्त्याचं विचारलं. छत्तीस वर्षांपूर्वी आपण तो पाहिला होता असंही सांगितलं. वडील दचकले नाहीत. त्यांनी पाण्याचा पेला सरळ केला.

“तू बघितलं होतंस,” ते म्हणाले. “मला वाटलं होतं, नसेल.”

मग त्यांनी तिला माहीत नसलेली एक गोष्ट सांगितली. शहाऐंशी साली चारचा आकडा भरलेला असताना साडेतीनला ट्रान्सफॉर्मर बसला होता. अर्ध्या गावाची वीज गेलेली, लूम बंद, आणि तक्त्यात चार वाजता सगळं ठीक. त्यांनी तो कागद फाडून खिशात घातला, नवा घेतला, सकाळपासूनचं सगळं परत लिहिलं आणि दुसऱ्या ऑपरेटरची सही मागून घेतली. फाडलेला कागद त्यांनी घरी चुलीत घातला. तिनं विचारलं, त्यानंतर? त्यानंतरही भरायचो, ते म्हणाले, पण दोनच तास पुढचं. हे सांगताना त्यांचा चेहरा इतका प्रामाणिक होता की मालतीला हसू आलं आणि मग हसता येईना. त्यांनी मान खाली घातली. सुई हलतच नाही बेटा, ते म्हणाले, वर्षानुवर्षं हलत नाही, माणूस तिच्याकडं बघून काय करेल. ते चूक होते असं म्हणायला तिच्यापाशी जागा नव्हती, आणि बरोबर होते असंही नव्हतं. त्यांनी टीव्ही लावायला सांगितला आणि तिनं लावला.

एक्केचाळीस माणसांना पुन्हा रक्त द्यायला बोलवायचं तर येतील किती, म्हणून गिरधरांनीच जायचं ठरलं, सामानाची पेटी घेऊन, ट्रस्टच्या जीपमधून. मालती म्हणाली मीही येते. सुधाकर म्हणाले, तुमचं तिथं काय काम. काम नव्हतंच. गुरुवार आणि शुक्रवार असे दोन दिवस ती गिरधरांबरोबर फिरली, मांडीवर वही धरून, केळीच्या बागांमधून जाणाऱ्या अरुंद रस्त्यांनी, जिथं घडांना निळ्या पिशव्या घातलेल्या असत आणि पाट फुटून रस्ता चिखल झालेला असे. बारा वर्षं ही नावं तिच्या मशीनमधून गेली होती आणि तिनं त्यांतलं एकही वाचलं नव्हतं. तिला फक्त ती किती जागा घेतात हे माहीत असायचं. आता नाव वाचायचं, घर विचारायचं, दार वाजवायचं. लोक चिडतील अशी तिनं तयारी केली होती. फारसं कोणी चिडलं नाही, आणि तेच जड गेलं. देडतलाईत धुरपदाबाई म्हणून एक म्हातारी होती, तिनं मक्याचं कणीस सोलता सोलता दुसरा हात पुढं केला आणि विचारलं की पहिल्या रक्ताचं काय केलं. गिरधर म्हणाले, मशीन खराब झालं आजी. मालती म्हणाली, मशीन खराब झालं आणि माझं लक्ष नव्हतं. म्हातारीनं तिच्याकडं नीट पाहिलं आणि बसायला पोतं दिलं. एक जण कामावर गेला होता, त्याला कापसाच्या शेतात गाठलं. दोघांनी साफ नाही म्हटलं, एकदा सांडलं ते बस झालं. जीपमध्ये गिरधर म्हणाले, तुम्ही दर वेळी ते सांगू नका मॅडम, लोकांना त्याचं काही नसतं. ते खरं होतं. आपण ते लोकांसाठी सांगतो की स्वतःसाठी, हे तिला त्या रस्त्यावर ठरवता आलं नाही.

वहीतलं शेवटचं नाव खकनारच्या पुढच्या एका वस्तीतलं होतं. मालूबाई चुडामण, वय सेहेचाळीस. पोहोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. अंगणात मुंडण केलेला माणूस खाटेवर बसला होता, दोन तरुण मुलगे, तेही मुंडण केलेले, जमिनीवर, आणि दारात एक गरोदर बाई उभी होती. गिरधरांनी नाव विचारलं आणि त्यांच्या लक्षात आलं. चुडामण उठून उभा राहिला. मालूबाई सोमवारी गेली होती, आज पाचवा दिवस. शनिवारी रक्त दिलं, रविवारी ताप चढला, सोमवारी दुपारी धाप लागली, गाडी येईस्तोवर संपलं. तो हे सगळं पाठ असल्यासारखं सांगत होता. मालतीच्या मनानं, तिला न विचारता, हिशेब मांडला: सोमवारी गेली, डिस्क मंगळवारी गेली, रिपोर्ट तसाही आठवड्यानं मिळायचा होता, म्हणजे माझ्यामुळं नाही. छातीवरचं काहीतरी उतरलं, आणि ते उतरलेलं कळल्याबरोबर तिला स्वतःची किळस आली. पाचव्या दिवसाच्या अंगणात उभं राहून आपण हे मोजत होतो.

“काय निंघालं व्हतं तिच्या रक्तात?” चुडामणनं विचारलं. “शनवारी यनार व्हतो आम्ही कागद न्यायले.”

गिरधर मागं वळून पेटी बंद करत होते. तसंच, मायेनं, ते म्हणाले, “काही नव्हतं दादा. नॉर्मल होता रिपोर्ट.”

चुडामणनं मान हलवली. त्याचे खांदे थोडे खाली आले, मुलांनी एकमेकांकडं पाहिलं. अंगणात जरासं सैल झालं. इतकं सोपं होतं ते. गिरधर वाईट माणूस नव्हते. मेलेल्या बाईच्या नवऱ्याला दुसरं काय सांगायचं असतं. आता नमस्कार करायचा आणि निघायचं. दारातली बाई पोटावर हात ठेवून उभी होती. मालूबाईची मुलगी, आशाबाई, सासरहून आलेली, पाचवा महिना. वहीत मालूबाईच्या नावापुढं चाचणीचं नाव लिहिलं होतं आणि ती कसली चाचणी असते हे दोन दिवसांच्या प्रवासात मालतीला गिरधरांनीच सांगितलं होतं: रक्तातला एक दोष, आईबापाकडून मुलांत उतरणारा, या पट्ट्यात पुष्कळ घरांत असलेला. सांधे दुखतात, अंग पिवळं पडतं, पोर पोटात असताना जपावं लागतं.

“नाही,” मालती म्हणाली. आवाज कोरडा निघाला. “नॉर्मल होता असं नाही. आम्हाला माहीत नाही काय होतं. तो रिपोर्ट आमच्याकडून हरवला. माझ्याकडून हरवला.”

गिरधरांनी तिच्याकडं पाहिलं. चुडामण पुन्हा खाटेवर बसला. मग मोठा मुलगा उठला आणि त्यानं, आवाज न चढवता, विचारलं, मग आता काहाले आले तुमी. हा प्रश्न बरोबर होता. मालतीनं दोष काय असतो ते जेवढं कळलं होतं तेवढं सांगितलं, नीट नाही, अडखळत. मध्ये गिरधरांनी तिच्या हातातून ते वाक्य घेतलं आणि पुढं तेच सांगू लागले, आशाबाईकडं बघून. सांगून झाल्यावर चुडामण म्हणाला, घरात सुतक आहे. गिरधर म्हणाले, मग नंतर येऊ. आशाबाई दारातून खाली उतरली, बापाशेजारी खाटेवर बसली आणि तिनं बाही वर केली.

“माहं घ्या,” ती म्हणाली. “अन् या दोघायचंबी घ्या. बाबाचंबी.”

गिरधरांकडं चार नळ्या जास्तीच्या होत्या. चौघांनी हात पुढं केले. चिकटवायच्या चिठ्ठ्या एक्केचाळीसच छापलेल्या होत्या, म्हणून ती चार नावं मालतीनं पेननं लिहिली, प्रत्येकाला विचारून, वाचून दाखवून. आशाबाईचं रक्त भरताना तिनं नजर वळवली नाही.

पुढच्या बुधवारी रिपोर्ट आले. सुधाकरांनी तोपर्यंत तिच्याकडून सकाळच्या मेलचं काम काढून एका नव्या माणसाकडं दिलं होतं. चौकशी चालू होती, तिची बदली नोंदणीच्या खिडकीवर होईल असं बोललं जात होतं, आणि पुढं ती झालीही. आशाबाईत दोष अर्धा होता, म्हणजे तिला स्वतःला धोका नाही, पण नवऱ्याचं रक्त तपासणं आलं. ते तपासलं, स्वच्छ निघालं. पोटातल्या बाळाची काळजी त्या बाजूनं मिटली. दोन्ही भावांतही तो अर्धा होता. चुडामणमध्ये काहीच नव्हतं. हे चार कागद पॅथॉलॉजीच्या डॉक्टरीणबाईंनी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, बापात नाही आणि तिन्ही मुलांत आहे, म्हणजे आईकडूनच आलंय. आणि तिघांतही उतरलंय तर आईत बहुतेक तो पुरा असणार. खात्रीनं नाही सांगता येत. बहुतेक.

फोन गिरधर करणार होते. मालती म्हणाली, मी करते. नोंदणीच्या मागच्या जिन्यावर, जिथं शेजारच्या लूमचा आवाज कमी येतो, तिथं उभी राहून तिनं चुडामणला लावला. आधी मुलीचं सांगितलं, मग मुलांचं, मग त्याचं. मग म्हणाली, तुमच्या बाईंचा रिपोर्ट नाही आमच्याकडं, तो मिळणार नाही, पण डॉक्टर म्हणतात की त्यांना तो आजार बहुतेक पुरा असावा, लहानपणापासून. खात्रीनं नाही. चुडामणनं विचारलं, त्यात काय व्हते मानसाले. तिनं सांगितलं, हाडं दुखतात, सांधे दुखतात, थंडीत जास्त, काम केलं की जास्त. बाहेरून काही दिसत नाही.

पलीकडं कुठंतरी पंप चालू होता, त्याचा आवाज तेवढा येत होता. फोन कट झाला की काय म्हणून तिनं कानापासून काढून पाहिला, चालू होता.

“मंजे तिले खरंच दुखत व्हतं,” चुडामण म्हणाला.

“हो,” मालती म्हणाली. “बहुतेक.”

“पंचवीस वर्सं सांगत व्हती ती माले.”

मालतीनं फोन ठेवला नाही. तो ठेवील तेव्हा ठेवील, असं म्हणून ती जिन्यावर उभी राहिली.